समितीच्या यादीत आपले नाव: विद्यापीठातील विद्यार्थी नेतृत्वाच्या जागा आणि तिथे पोहोचण्याची वाट

दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातल्या मुलीबरोबर आम्ही तिच्या कॉलेजचे संकेतस्थळ उघडून बसलो होतो. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज दोन महिने कॉलेजच्याच लॉगिनला अडकला होता. तक्रार कुणाकडे करायची, हे शोधता शोधता विद्यार्थी तक्रार निवारण समितीची यादी सापडली. त्या यादीत विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून एक नाव होते, आणि ते तिचेच होते. तिला याची काहीच कल्पना नव्हती. कुणी विचारले नव्हते, पत्र दिले नव्हते, एकाही बैठकीला बोलावले नव्हते. रकाना भरायचा होता म्हणून हजेरीपटातून एक मागासवर्गीय मुलगी उचलली होती, एवढेच.

आम्ही समाजकार्य करतो. वस्तीतल्या आणि वसतिगृहांतल्या मुलामुलींशी रोजचा संबंध येतो. या प्रसंगानंतर आम्ही ओळखीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रश्न विचारायला लागलो: तुझ्या कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी कोणकोणत्या जागा आहेत? बहुतेकांना फक्त जयंती उत्सव समिती आणि एखाद्या संघटनेचे नाव सांगता येते. प्रत्यक्षात कायद्याने आणि यूजीसीच्या नियमांनी विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या जागा कितीतरी जास्त आहेत. त्या आपल्याला माहीत नसतात, म्हणून एकतर रिकाम्या राहतात किंवा कागदावर भरल्या जातात. या जागा कोणत्या, तिथे पोहोचायचे कसे आणि पोहोचल्यावर करायचे काय, हे एका ठिकाणी सांगावे म्हणून हा लेख.

आपल्याला हे नवीन नाही

विद्यार्थ्यांनी कारभार शिकावा हा आग्रह बाबासाहेबांचा होता. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये औरंगाबादेत आजचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची स्वतःची संसद होती. हिंदू कोड बिलासारख्या विषयावर बाबासाहेब या विद्यार्थी संसदेपुढे बोलले होते.

पुढे मिलिंदच्या नागसेनवनातून लेखक, कार्यकर्ते, प्राध्यापकांच्या पिढ्या बाहेर पडल्या. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तेव्हा वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह हे तिच्या तरुणांचे घरच होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात झाला आणि नाव मिळाले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांच्या लढ्यात विद्यार्थी सतत पुढे होते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. वसतिगृहाची खोली, ग्रंथालयाचा कट्टा, महाविद्यालयाचे अंक आणि नाटके यांतून ही माणसे आधी एकत्र आली, एकमेकांना ओळखू लागली. मोर्चे त्यानंतरचे.

कायद्याने दिलेल्या जागा

*विद्यार्थी परिषद.* महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील कलम ९९ विद्यार्थी परिषदेविषयी आहे. महाविद्यालयाच्या पातळीवर अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती व इतर मागासवर्ग यांच्यातून आळीपाळीने एक प्रतिनिधी, अशी पदे त्यात आहेत. शिवाय वर्ग प्रतिनिधी असतात. महाविद्यालयातून पुढे विद्यापीठाच्या परिषदेपर्यंत ही साखळी जाते.

कायदा असा असला तरी वास्तव वेगळे आहे. राज्यात खुल्या निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने त्या परत आणल्या, २०१९ मध्ये वेळापत्रकही निघाले, पण त्या पुढे ढकलल्या गेल्या. त्यामुळे आपल्या कॉलेजात परिषद आहे का, असल्यास कशी नेमली गेली, हे आधी प्राचार्यांच्या कार्यालयात लेखी विचारा. निवडणूक लागली तर तयारी आधीपासून हवी. लिंगडोह समितीने २००६ मध्ये ७५ टक्के हजेरी आणि विषय मागे राहिलेला नसणे अशा अटी सुचवल्या होत्या. आपली अनेक हुशार, बोलकी मुले इथेच बाद होतात. नेतृत्व करायचे असेल तर तासाला बसणे हा त्या कामाचाच भाग समजा.

*अंतर्गत तक्रार समिती.* लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणारी ही समिती. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा तिच्यात तीन विद्यार्थी असतात, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तिन्ही स्तरांतून, आणि तेही निवडून आलेले. आपल्या मुलींनी ही जागा आवर्जून मागावी. बाहेरगावाहून आलेल्या मुलीला ओळखीच्या चेहऱ्याशी बोलणे सोपे जाते.

*रॅगिंगविरोधी समिती.* यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार यात पालकांचे, नव्याने प्रवेश घेतलेल्यांचे आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी असतात. म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही इथे बसू शकतो. जातीवरून टोमणे मारणे, अपमान करणे हेही रॅगिंगच आहे, हे २०१६ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. तो वसतिगृहाच्या भिंतीवर लावलेला आहे का, ते पाहा.

*विद्यार्थी तक्रार निवारण समिती.* सुरुवातीला सांगितली ती हीच. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार तिच्यात एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती, परीक्षा, कागदपत्रे अडवून ठेवणे असे विषय इथे येतात. समितीच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते.

*समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी.* २०१२ च्या यूजीसी नियमांत ही व्यवस्था आहे. या विषयावरचे नियम बदलत असतात, न्यायालयातही जातात. म्हणून तक्रार करण्यापूर्वी यूजीसीचे ताजे परिपत्रक पाहावे. कक्ष आहे, पण कुलूपबंद आहे, असे अनेक ठिकाणी दिसते. तिथे नियमितपणे जाऊन बसणारे चार विद्यार्थी मिळाले तर कक्षाला जाग येते.

*अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष.* नॅकच्या कामासाठी असलेल्या या कक्षात विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असतो. नाव रुक्ष आहे, पण ग्रंथालयाची वेळ, पिण्याचे पाणी, मुलींची विश्रांतीखोली असे प्रश्न इथे मांडले की त्यांची नोंद होते, आणि नोंद झालेल्या प्रश्नाचे उत्तर कॉलेजला द्यावे लागते.

या समित्यांची यादी संकेतस्थळावर नसेल तर मागा. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करता येतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि तिचे इतिवृत्त काय, एवढे दोनच प्रश्न पुरतात. पण हा अर्ज पहिल्या दिवशी करू नका. आधी भेटा, नंतर पत्र द्या, पत्राची पोच घ्या आणि काहीच झाले नाही तर मग अर्ज करा.

निवडणुकीशिवाय शिकण्याच्या जागा

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, असे तिचे स्वरूप आहे. शिबिरात गटप्रमुख होणे, पन्नास जणांच्या जेवणाचा हिशेब ठेवणे, सरपंचांशी बोलणे, पाहुण्यांची ओळख करून देणे हे सगळे तिथे करावे लागते. भाषण करता येणे म्हणजे नेतृत्व, असे आपल्याकडे फार मानले जाते. आमचा अनुभव वेगळा आहे. ज्या मुलीने शिबिराचा हिशेब चोख ठेवला, तिच्यावर पुढे लोक पैसेही सोपवतात आणि प्रश्नही.

विद्यापीठांच्या विद्यार्थी विकास विभागाकडे आणखी बरेच काही असते. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करून शिकता येते. राज्यातल्या विद्यापीठांसाठी ‘इंद्रधनुष्य’ हा युवक महोत्सव, ‘आविष्कार’ हे संशोधन संमेलन आणि ‘आव्हान’ हे आपत्ती व्यवस्थापनाचे शिबिर होते. गाणाऱ्या, नाटक करणाऱ्या मुलांची आपल्याकडे वाण नाही. भीमगीते आणि जलशांची परंपरा घरात असलेला मुलगा युवक महोत्सवाच्या निवड चाचणीला जात नाही, कारण ती कधी होते हे त्याला कळतच नाही. सूचना फलक वाचून ती तारीख गटावर टाकणारा एक जण असला, तरी हे बदलते.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समाजाशी जोडलेल्या कामाला श्रेयांक आहेत. बहुतेक मुले इंटरनेटवरून उतरवून तो प्रकल्प जमा करतात. त्याऐवजी आपली वस्तीच विषय म्हणून घ्या. वस्तीतली किती मुले दहावीनंतर थांबली, किती जणांकडे जात वैधता प्रमाणपत्र आहे, किती जणांना शिष्यवृत्ती मिळाली, याची पन्नास घरांची पाहणी केली तर श्रेयांकही मिळतात आणि विहाराच्या बैठकीत ठेवायला खरी माहितीही हाती येते.

आपला गट कसा उभा करावा

समितीत एकटा विद्यार्थी फार काळ टिकत नाही. त्याच्या पाठीशी गट हवा. आम्ही पाहिलेल्या गटांपैकी जे टिकले, त्यांची सुरुवात जवळजवळ सारखीच होती: त्यांनी पहिल्याच महिन्यात कुणाचे तरी अडलेले काम केले.

सर्वात गरजेचे काम म्हणजे शिष्यवृत्ती मदत केंद्र. प्रवेशाच्या दिवसांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची चार मुले कॉलेजच्या आवारात टेबल मांडून बसतात. महाडीबीटीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते यांची तपासणी करून देतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिची माहिती देतात. कुणाचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे, याची वही ठेवतात. वर सांगितलेल्या मुलीने हेच केले. स्वतःचा अर्ज सुटल्यावर तिने वर्गातल्या अकरा जणांची यादी केली आणि समितीची बैठक घ्या म्हणून पत्र दिले. यावेळी समितीची बैठक झाली आणि तिलाही बोलावणे आले.

या टेबलावर फक्त आपलीच मुले येत नाहीत. आदिवासी, भटके-विमुक्त, ओबीसी, मुस्लिम, गरीब मराठा घरातली मुलेही येतात. त्यांनाही तितक्याच आपुलकीने मदत करा. पुढे एखाद्या समितीत मत मांडायची वेळ येते, तेव्हा हीच मुले बाजूला उभी राहतात. जातीबाहेरची मैत्री भाषणाने होत नाही, अशा कामातून होते.

बैठकीविषयी थोडे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की भिक्खुसंघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे संघात होते. आपल्या गटांच्या बैठका मात्र पुष्कळदा दोन जणांच्या भांडणात संपतात. त्यासाठी काही साधे नियम पाळावेत:

- बैठकीचा वार आणि वेळ ठरलेली असावी. रात्रीची वेळ ठेवली तर मुली येत नाहीत. वसतिगृहाची वेळ आणि शेवटची बस पाहून वेळ ठरवा.
- विषय आदल्या दिवशी कळवावेत. इतिवृत्त वहीत लिहावे. लिहिण्याचे काम दर वेळी मुलींकडेच नको, आणि पाणी-चहाचे तर नकोच.
- प्रत्येकाने एकदा बोलल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलू नये.
- वर्गणी पावतीशिवाय घेऊ नये. कार्यक्रमानंतर आठ दिवसांत हिशेब सर्वांसमोर ठेवावा. आपल्याकडचे चांगले गट विचारभेदाने कमी आणि हिशेबाने जास्त फुटले आहेत.
- शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सचिव करू नये. तो मार्गदर्शक राहील, सचिव दुसऱ्या वर्षाचा असेल. नाहीतर निकालाबरोबर गटही संपतो. वह्या, पत्रव्यवहार, गटाच्या ईमेलचा पासवर्ड यांची रीतसर सोपवणूक करावी.

कार्यक्रमांची आखणीही वर्षभराची हवी. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर आपण पाळतोच. त्यांच्या मधल्या महिन्यांत पंधरा दिवसांतून एकदा वाचनवर्ग घ्या. एक जण बाबासाहेबांच्या लेखनातले एक प्रकरण वाचून येईल, बाकीचे प्रश्न विचारतील. ‘भारतातील जाती’ हा निबंध बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात वाचला होता. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. वाचनवर्गाची सुरुवात करायला यापेक्षा जवळचे उदाहरण दुसरे नाही.

ज्या अडचणी येणारच

पहिली अडचण ओळखीची. बरीच मुले आडनाव सांगायला कचरतात, आरक्षणातून आल्याचे कळू नये म्हणून शिष्यवृत्तीच्या रांगेतही उभी राहत नाहीत. त्यांना भित्रे म्हणून हिणवू नका. प्रत्येकाच्या मागे काही ना काही घडलेले असते. मदतीचे टेबल सर्वांसाठी खुले असले की ही मुलेही हळूहळू येतात.

दुसरी अडचण पक्षांची. निवडणुका आल्या की राजकीय गटांना कॉलेजातली मुले हवी असतात. कुणाच्या व्यासपीठावर जायचे, हा प्रत्येकाचा वैयक्तिक हक्क आहे. पण गटाचे नाव, गटाची वही आणि गटाचे फोन क्रमांक कुणाच्याही हाती देऊ नयेत, असा ठराव सुरुवातीलाच करून ठेवावा.

तिसरी आणि सर्वात गंभीर अडचण एकटेपणाची. पुढे होऊन बोलणाऱ्यावर दबाव येतो. अंतर्गत गुणांची भीती दाखवली जाते, घरी फोन जातात. हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा कार्यकर्ता होता. वसतिगृहातून काढलेल्या पाच जणांपैकी तो एक होता. १७ जानेवारी २०१६ रोजी तो गेला. त्याच्या नावाने आपण घोषणा देतो, पण त्यापासून घ्यायचा धडा आपल्या रोजच्या कामात दिसला पाहिजे. आपल्या गटात जो सर्वात पुढे आहे, त्याने जेवण केले का, त्याचे भाडे थकले आहे का, तो अभ्यास करतो आहे का, हे विचारणारे दोन जण नेमलेले असावेत. तक्रार एकट्याच्या सहीने देऊ नये. सोबत एक विश्वासू प्राध्यापक, एक वकील आणि एक पालक यांचे क्रमांक असावेत. कुणी गप्प गप्प राहू लागले, वर्गात येईनासे झाले, तर त्याच दिवशी त्याच्या खोलीवर जावे. गरज वाटली तर समुपदेशकाकडे सोबत जावे. आंदोलन आठवडाभर थांबू शकते, हे काम थांबू शकत नाही.

पदवी मिळाल्यावर

विद्यापीठाशी आपला संबंध पदवीबरोबर संपत नाही. विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या दहा जागा असतात. त्यातल्या पाच राखीव आहेत: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांसाठी प्रत्येकी एक. शुल्कवाढ, वसतिगृहे, अर्थसंकल्प यांवर अधिसभेत प्रश्न विचारता येतात. मतदान मात्र नोंदणी केलेल्या पदवीधरांनाच करता येते. मागच्या वेळी नोंदणी केली होती म्हणून यादीत नाव असेलच, असे धरून चालू नका. विद्यापीठाची अधिसूचना निघाली की मुदतीत अर्ज भरा. आमच्या वस्तीत पदवीधर झालेल्यांची संख्या मोठी आहे, पण आम्ही विचारले तेव्हा नोंदणी केलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. एका रविवारी विहारात पदवी प्रमाणपत्राची प्रत घेऊन या, असा निरोप दिला तर एका दुपारी तीस-चाळीस अर्ज सहज भरून होतात.

पहिल्या महिन्यात करायच्या पाच गोष्टी

१. आपल्या कॉलेजातल्या सर्व समित्यांची यादी मिळवा आणि विद्यार्थी प्रतिनिधींची नावे वाचा. कदाचित तुमचेही नाव असेल.

२. त्यातल्या एका समितीत काम करण्याची इच्छा असल्याचे पत्र प्राचार्यांना द्या आणि पोच घ्या.

३. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटून नाव नोंदवा.

४. आपल्या वर्गातल्या अशा तिघांची नावे लिहा, ज्यांचा अर्ज किंवा शुल्क अडले आहे. त्यांच्यासोबत कार्यालयात जा.

५. पुढच्या वर्षी हे काम करू शकेल असा पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी शोधा आणि त्याला आजपासून सोबत घ्या.

ती मुलगी आता पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. तिच्या जुन्या कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत टेबल अजून लागते. यंदा तिथे बसणाऱ्या चार जणांपैकी तिघांना तिने पाहिलेलेही नाही.

जय भीम.